नेलपॉलिशचा ठिपका

स्पीकरला प्लस-मायनस असतं असं सांगितलं की लोक हसतात. बॅटरीला असतं, मान्य. स्पीकरला कशाला? दोन वायरी आहेत, कुठलीही कुठेही लावा, वाजतो की! वाजतो, हेच तर दुखणं आहे. मोटर उलटी जोडली तर उलटी फिरते, दिसतं तरी. स्पीकर उलटा जोडला तरी मुकाट्याने वाजत राहतो आणि गिऱ्हाईक 'वा वा' म्हणून निघून जातं.

मी दत्ताराम. भाईंदरजवळ हाटकेशला गाळ्यांच्या रांगेत शेवटचं दुकान माझं. पाटीवर 'उर्मिला साउंड सर्व्हिस' लिहिलंय. उर्मिला माझी बायको. नाव तिचं आणि तोंड माझं, असं गिऱ्हाइकं म्हणतात, कारण मी जरा फटकळ आहे. असू दे. मला गोड बोलायला जमत नाही, स्पीकर दुरुस्त करायला जमतं.

आता हे प्लस-मायनस एकदाच सांगतो, नीट ऐका. एकटाच स्पीकर असेल तर उलटा काय नि सुलटा काय, काही फरक पडत नाही. भानगड दोन असले की होते. स्पीकरचा पुढचा कागद हलतो तेव्हा आवाज होतो. दोन्ही बॉक्सचे कागद एकाच वेळी बाहेर यायला हवेत आणि एकाच वेळी आत जायला हवेत. एक बाहेर येतोय आणि दुसरा आत जातोय असं झालं की दोघं एकमेकांचा आवाज खातात. सगळ्यात आधी खातात तो बेस, म्हणजे खालचे जाड सूर. आणि सगळ्यात जास्त कुठे खातात, तर दोघांच्या बरोब्बर मध्ये. कडेला बसलेल्याला जवळच्या बॉक्सचा आवाज छान येतो. मध्ये उभा असेल त्याला मात्र पोकळ, डब्यातून आल्यासारखा.

म्हणून नवा स्पीकर बसवताना कुठलं टोक प्लस ते आधी ठरवायचं. कंपनी एका टोकाला लाल खूण करते. कंपनीवर माझा विश्वास नाही. एकदा, फार वर्षांपूर्वी, एका शाळेच्या गॅदरिंगला कंपनीच्या खुणेवर गेलो आणि तोंडघशी पडलो. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. टॉर्चचा सेल घ्यायचा, दोन वायरींनी स्पीकरच्या टोकांना टेकवायचा. टक. कागद बाहेर उडी मारतो की आत, ते बघायचं. बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला होतं ते स्पीकरचं प्लस. त्याच्यावर उर्मिलेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. कंपनीची खूण चुकीची निघाली तर थिनरने पुसून टाकायची. दोन हजार सहापर्यंत सव्वीस वर्षं हेच केलं होतं. उर्मिला नखं कधी रंगवत नाही, पण घरात नेलपॉलिश संपलंय असं एकदाही झालेलं नाही.

दोन हजार सहाची गोष्ट. ऑक्टोबर होता. उत्तनचा इव्हान आपल्या ओम्नीत एक बॉक्स घालून घेऊन आला. त्यांच्या वाडीत एक छोटं चॅपल आहे. आत वेदीच्या दोन बाजूंना भिंतीवर दोन बॉक्स, एक कीबोर्ड, चार माइक. एवढंच. इव्हान तिथल्या कमिटीवर आहे, तिशीचा, बँकेत नोकरीला. उजव्या बॉक्सचा स्पीकर जळला होता.

"अंकल, नोव्हेंबरात सण आहे आमचा. त्याच्या आधी पाहिजे."

बारा इंची नवा स्पीकर मी आणून ठेवला होताच. इव्हानसमोरच खोक्यातून काढला. एका टोकाला कंपनीची लाल खूण होती. त्याच टोकाला सेलचं प्लस लावलं. टक. कागद आत गेला. पुन्हा. टक. आत.

"बघितलंस?" मी म्हटलं. "कंपनी! खूण उलटी मारलीये. मी नसतो तर तुमचं देऊळ बेसुरं झालं असतं."

"हो अंकल," इव्हान म्हणाला. तो मोबाइलवर मेसेज लिहीत होता.

मी खूण पुसली, दुसऱ्या टोकाला ठिपका दिला, फुंकर मारली. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बॉक्स भिंतीवर चढवला. डाव्या बाकांवर बसून ऐकलं, उत्तम. उजव्या बाकांवर बसून ऐकलं, उत्तम. मधल्या वाटेवर उभं राहून ऐकायचं मला सुचलं नाही. सुचणार कसं? चर्चमध्ये मधल्या वाटेवर थांबतं कोण? तिथून नवरी जाते आणि शवपेटी जाते, आणि दोघांनाही बेसशी देणंघेणं नसतं.

तिथे थांबणारा एकच माणूस होता. कॅजिटन मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आयुष्यभर मच्छीमारी केली, पण वाडीत सगळे मास्तर म्हणतात, कारण एकतीस वर्षं त्या चॅपलचं गाणं तेच बसवतात. क्वायर एका बाजूला, लोक दोन्ही बाजूंच्या बाकांवर, आणि मास्तर वेदीसमोर, मधल्या वाटेच्या तोंडाशी उभे, सगळ्यांना दिसतील असे, हात हलवत. होडीवरून उतरून थेट यायचे म्हणे, हाताला मासळीचा वास असायचा. अठरा जणांच्या क्वायरमध्ये कुणाला सर्दी झालीय ते त्याच्या घरच्यांच्या आधी मास्तरांना कळायचं.

बॉक्स लावून चार दिवस झाले आणि मास्तर दुकानात आले. इव्हान गाडीवरून घेऊन आला होता. हातात सुकटीची पिशवी. ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "दत्ताराम, बाबा, राग नको मानू. तो नवा स्पीकर जरा बघशील? मी उभा रायतो तिथं आवाज पोकल येते. कीबोर्डाचा डावा हात ऐकूच येत न्हाय. गानारे डोक्याच्या मागनं गातात असं वाटते."

आता, सव्वीस वर्षांत माझ्या स्पीकरबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी इव्हानकडे वळलो. "काय रे, बाकी लोकांना पोकळ येतो?"

"नाही अंकल. सगळे म्हणतात आधीपेक्षा क्लिअर आहे."

"मास्तर, वय काय तुमचं?"

"सदुसष्ट."

"मग एकदा कान तपासून घ्या."

इव्हान हसला. मास्तर नाही चिडले. चिडले असते तर मी भांडलो असतो आणि कदाचित बॉक्स उघडूनही बघितला असता. त्यांनी आपल्या कानाला हात लावला. मग म्हणाले, "हां, ते बी हाय," आणि गेले.

त्या रात्री उर्मिलेने सुकट कांद्यावर परतली. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवताना मी तिला सगळं सांगितलं, आणि ती म्हणाली, "दुसऱ्याचे कान काढताय, आधी स्वतःच्या डोळ्यांचा नंबर काढून घ्या." हा तिचा जुना हट्ट. मी पेपर जरा लांब धरून वाचतो, तेवढ्यावरून. पेपरवाल्यांनी अक्षरं बारीक केलीत, त्याला मी काय करू? दुकानातली ट्यूब जुनी झालीय, सुईत दोरा मला कधीच ओवता येत नव्हता. चोपन्न हे काय चष्म्याचं वय आहे?

तीन आठवड्यांनी इव्हान परत आला. सणासाठी बाहेरच्या मांडवात एक जादा बॉक्स लावायचा होता. बोलता बोलता म्हणाला, "आणि रविवारी मास्तरांचा निरोप पण आहे. शाल वगैरे देतोय. सणाच्या मिस्सेची प्रार्थना शेवटची, मग ते थांबतायत."

"थांबतायत म्हणजे?"

"कान गेले ना. प्रॅक्टिसला दर दोन ओळींनी थांबवायचे, बेस कुठाय, बेस कुठाय. पोरं कंटाळली. मग भाईंदरला डॉक्टरकडे नेलं, त्या हेडफोनवाल्या मशीनवर बसवलं. बारीक आवाज कमी ऐकू येतात असा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, थेंब दिलेत. तेव्हापासून मास्तर गप्पच झाले. स्वतःच जाऊन फादरना सांगितलं, मना जमनार न्हाय. पुढच्या आठवड्यापासून एल्सा घेईल क्वायर." मग तो हसून म्हणाला, "तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत, अंकल."

खोटं कशाला सांगू? मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही उत्तनला गेलो. उर्मिला सोबत होती, तिला बोंबील घ्यायचे होते. वाडीत शिरल्यापासून बांबूंवर बोंबील वाळत होते आणि ती प्रत्येक बांबूपाशी थांबत होती. मी चॅपलमध्ये शिरलो तर मास्तरांची बायको लुईझा वेदीवर फुलं लावत होती. एल्सा, बाविसेक वर्षांची पोर, कीबोर्डवर बोटं सैल करत बसली होती.

लुईझाबाईंनी मला ओळखलं. जवळ आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही येलेवर सांगितलं म्हनून कललं बघा. त्यांना स्वतःला पत्ताच नवता." मग फुलांकडे बघत म्हणाल्या, "घरात आता गातच न्हाय. आधी सकाली तोंड धुताना बी गायचा, मी कटकट करायची. आता गप बसते. काल मना बोलला, लुईझा, तू बी लांबून बोलतेस का?"

"वय असतं," मी म्हटलं आणि वायरीचं बंडल उचललं.

मांडवातल्या बॉक्सची वायर अँप्लिफायरपासून दारापर्यंत मधल्या वाटेवरून न्यायची होती. मी उकिडवा बसून टेप लावत मागे सरकत होतो. एल्सा काहीतरी संथ वाजवत होती. आणि वाटेच्या अगदी सुरुवातीला, मास्तर उभे राहतात तिथे, तिच्या डाव्या हाताचे खालचे सूर नाहीसे झाले.

मला वाटलं तिने थांबवलं. मान वर करून बघितलं, तर तिचा डावा हात पट्ट्यांवर चालत होता.

मी दोन पावलं डावीकडे गेलो. सूर आले. मध्ये आलो. गेले. उजवीकडे गेलो. आले. परत मध्ये. उजवा हात तेवढा राहिला, तोही बारीक, माझ्या कवटीच्या मागे कुठेतरी.

एवढं ऐकल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

एल्सा चहाला गेली, लुईझाबाई घरी गेल्या. मी उजवा बॉक्स भिंतीवरून खाली घेतला, जाळी काढली, स्पीकर सोडवला. ठिपका माझाच होता आणि प्लसची वायर बरोब्बर ठिपक्यालाच होती. म्हणजे जोडणी ठीक. मग चुकलं काय? सेल माझ्या खिशात असतोच. ठिपक्याला प्लस लावलं. टक. बाहेर. टक. बाहेर. सगळं बरोबर होतं आणि तरीही बेस नव्हता.

उर्मिला बोंबलाची पेंडी घेऊन आत आली. "काय झालं?"

"काही नाही. हा बाहेर येतोय, मग मध्ये पोकळ का होतंय?"

मी परत टक केलं.

"आत गेला," उर्मिला म्हणाली.

"बाहेर आला."

"अहो, आत गेला. मग तुम्ही वायर उचललीत तेव्हा परत बाहेर आला. तुम्ही टकटक काय करताय, धरून ठेवा ना."

"सव्वीस वर्षं करतोय मी हे."

"मग एकदा मला करू द्या." तिने पेंडी बाकावर ठेवली, पदराला हात पुसले आणि सेल माझ्या हातातून घेतला. "बोट ठेवा कागदावर. हलकं. आता डोळे मिटा."

मिटले. तिने वायर टेकवली आणि धरून ठेवली. कागद माझ्या बोटाखालून आत गेला आणि आतच राहिला. तिने वायर काढली. कागद वर येऊन बोटाला लागला.

मी डोळे उघडले. "परत कर." तिने परत केलं. उघड्या डोळ्यांनी मला पुन्हा दिसला तो बाहेर येणारा कागद. आत जाताना नुसतं काहीतरी धूसर हललं. इतके दिवस मी कागदाचं परत येणं बघत होतो आणि त्यालाच जाणं समजत होतो. कंपनीची खूण बरोबर होती. ती मी थिनरने पुसली होती.

उर्मिलेने सेल परत माझ्या खिशात टाकला.

मी वायरी उलट केल्या, बॉक्स चढवला. दहा मिनिटांचं काम. उर्मिला आणि मी सोडून कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "झालं काम. आता ऐकू येईल त्यांना."

"हो," ती म्हणाली. "आणि रविवारी शाल देतील."

पाच वाजता प्रॅक्टिसला सगळे जमले. अठरा जण, इव्हान, लुईझाबाई. मास्तर शेवटी आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आपल्या जागेवर, मधल्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. पूर्वीचं मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. एल्साने सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली आणि मास्तरांनी हात वर केला.

गाणं थांबलं. क्वायरमधून 'झालं सुरू' असा एक सुस्कारा आला. इव्हानने छताकडे बघितलं.

"काय झालं मास्तर?" एल्साने विचारलं.

"डावा हात," मास्तर म्हणाले. मग एल्साच्या हाताकडे बोट केलं. "डावा हात हाय. ऐकू येते मना."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुईझाबाईंनी क्रूसाची खूण केली. मास्तर कानाला हात लावून हसले. "थेंब लागू पडले वाटते."

"अरे वा!" इव्हान म्हणाला. "देवाची कृपा. पण मास्तर, रविवारचं ठरलंय तसंच हां. थेंबांचा काय भरवसा? परत गेलं तर?"

"हां, हां," मास्तर म्हणाले. "ठरलं ते ठरलं. थेंब काय जन्माला पुरतात?" आणि त्यांनी हात खाली घेतला.

मी शेवटच्या बाकापाशी उभा होतो. थेंबांनी काम केलं होतं, सगळे खूश होते, माझं नावही आलं नव्हतं. मुकाट बसायला किती सोपं होतं! उर्मिला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती बोंबील मोजत होती, तिसऱ्यांदा.

"थेंब नाहीत," मी म्हटलं.

सगळे वळले.

"मास्तर, तुमच्या कानाला काही झालं नव्हतं. उजवा स्पीकर मीच उलटा लावला होता. जवळजवळ महिनाभर तुम्हाला जे ऐकू येत होतं ते खरं होतं. बाकी सगळे कडेला बसतात म्हणून त्यांना कळलं नाही. मला आज कळलं. आत्ता तासाभरापूर्वी सरळ केला."

मग इव्हान माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "अंकल, तुम्ही त्यांच्यासाठी बोलताय, कळतं मला. मन मोठं आहे तुमचं. पण म्हाताऱ्या माणसाला खोटी आशा नका लावू."

जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली आणि हा गडी तिला चांगुलपणा समजला! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी चर्चमध्ये आहे हेही विसरलो. "अरे गाढवा, चांगुलपणा आणि मी? तुझ्यासमोर टक केलं होतं, तू मोबाइल बघत होतास! तू बघितलं असतंस तर तुला दिसलं असतं. मला दिसलं नाही. माझे डोळे गेलेत. यांचे कान नाही, माझे डोळे!"

हे मी उर्मिलेसमोर बोललो. तिने बोंबील मोजायचं थांबवलं.

मास्तर दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "उलटा करून दाखव."

"काय?"

"व्हता तसा कर परत."

मी अँप्लिफायरमागे गेलो आणि उजव्या बॉक्सच्या वायरी तिथूनच अदलाबदल केल्या. एल्साने वाजवलं. क्वायरने एक ओळ म्हटली. मास्तर मध्ये उभे होते. पहिल्या सुरालाच त्यांनी डोळे मिटले.

"हाच," ते म्हणाले. "लुईझा, हाच तो. मी सांगत व्हतो ना?"

मग त्यांनी इव्हानला बोलावलं आणि आपल्या जागेवर उभं केलं. इव्हान उभा राहिला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मध्ये आला. "अरे," म्हणाला. नंतर बराच वेळ तो आपल्या बुटांकडे बघत होता. मग एल्सा उठून आली, आणखी दोघंतिघं आले. ज्याने त्याने मध्ये उभं राहून बघितलं आणि जो तो मास्तरांच्या नजरेला नजर न देता परत गेला.

मला वाटलं, संपलं. मी वायरी सरळ करायला खाली वाकलो.

"रा," मास्तर म्हणाले. "अजून नको. दत्ताराम, इकडं ये."

मी गेलो. त्यांनी मला खांद्याला धरून मधल्या वाटेच्या तोंडाशी उभं केलं, आपल्या जागेवर, पावलं सरळ केली. स्वतः कडेला जाऊन उजव्या बाकांपाशी उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"आमी सगले गातो," ते म्हणाले. "तू ऐक. पूर्ण गानं."

त्यांनी हात वर केला, या वेळी खांद्याच्या बराच वर. एल्साने सुरुवात केली. अठरा तोंडं उघडली, लुईझाबाईही गात होत्या, बाकांपाशी उभी असलेली माणसंही. सगळ्यांचे चेहरे सांगत होते की आवाज भरून येतोय. एल्साचा डावा हात पट्ट्यांवर चालत होता. आणि माझ्यापाशी काहीच पोचत नव्हतं. गाण्याला बूडच नव्हतं. माणसं समोर होती आणि आवाज माझ्या डोक्यामागे, लांब, कुणी दुसऱ्याच घरात गात असल्यासारखा. एकदा वाटलं ओरडून सांगावं की अरे, हे चुकतंय, ऐकू येत नाहीये. पण सांगणार कुणाला? तिथे उभा राहून सांगणाऱ्याला आपण काय उत्तर दिलं होतं, ते मला पाठ होतं.

गाणं पाच कडव्यांचं होतं. मास्तरांनी पाचही गाऊन घेतली.

शेवटचा सूर थांबला तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. "मास्तर," मी म्हटलं, "माझं चुकलं. स्पीकरचं नाही म्हणत. दुकानात बोललो ते."

"हां," मास्तर म्हणाले. मग इव्हानकडे वळून विचारलं, "शाल आनली काय?"

"आणलीय," इव्हान खाली बघत म्हणाला.

"फादरना दे. त्यांना थंडी वाजते. उद्या हात मीच हलवनार, नि पुढच्या रविवारी बी." आणि मला म्हणाले, "आता सरल कर. अंधार पडायच्या आत दोन येला गाऊन घ्यायचंय."

मी अँप्लिफायरमागे गेलो. वायरी हातात घेतल्या. लाल कुठली आणि काळी कुठली तेवढं दिसत होतं मला. पण मी हाक मारली.

"उर्मिला, जरा इकडे ये. तू लाव."